नाताळ, ही बाजू खाली

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला फोन करून नाताळ आणि ईस्टर यांच्यातल्या नात्यावर लिहायला सांगितलं, तेव्हा आधी मला वाटलं त्यांचा नंबर चुकला. मी भाईंदरजवळच्या राई गावचा भास्कर म्हात्रे. आमच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या मिठागरं आणि भातखाचरं सांभाळली, ती संपल्यावर मी मंडप आणि देखाव्यांच्या धंद्यात शिरलो, आणि आता गुडघ्यांनी राजीनामा दिल्यामुळे घरी बसलोय. धर्मशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की जवळपास प्रत्येक धर्माच्या देवासाठी मी कधी ना कधी शिडीवर चढलोय. मी संपादकांना म्हटलं, एखाद्या फादरना विचारा. ते म्हणाले, "फादर बरोबर लिहितील हो, पण तुम्ही वाचले जाल." संपादक मंडळी माणसाला हरभऱ्याच्या झाडावर कशी चढवतात ते त्या दिवशी कळलं. चढलोच आहे तर आता लिहितो.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण लोकांना मंडपवाला आणि देखावेवाला यांतला फरक कळत नाही. मंडपवाला ऊन-पाऊस अडवतो. देखावेवाला लोकांना फसवतो, आणि लोक त्यासाठीच त्याला बोलावतात. आमचा नियम सोपा असतो. दहा फुटांवरून वस्तू खरी वाटली पाहिजे, पाच फुटांवरून शंका आली तरी चालतं, आणि त्याहून जवळ कुणाला येऊच द्यायचं नाही. त्यासाठी समोर दोरी बांधतात. पुष्कळांना वाटतं ती दोरी देवाचा मान राखायला असते.

माझ्याकडची सगळ्यात कर्तबगार वस्तू म्हणजे एक गुहा. बांबूचा सांगाडा करायचा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी ठोकायची आणि सिमेंटच्या पातळ पाण्यात बुडवलेली गोणपाटं चुरगळून तिच्यावर टाकायची. दोन दिवसांत ती दगडासारखी कडक होतात. मग काळा, राखाडी आणि थोडा गेरू असा रंग कोरड्या ब्रशनं घासला की डोंगर तयार. माझी गुहा तीन तुकड्यांची होती, नटबोल्टनं जोडायची, टेम्पोत मावायची. गणपतीत ती भाईंदरच्या एका मंडळासाठी अमरनाथची गुफा व्हायची. एकदा तिथे एका आजोबांना आतल्या भिंतीला नाताळची चांदणी चिकटलेली दिसली. शंकराच्या चंद्राशेजारची असेल असं समजून ते नमस्कार करून गेले. पाच वर्षांच्या एका मुलाच्या वाढदिवसाला तीच सिंहाची गुहा झाली आणि आत सिंह म्हणून त्याच्या काकांना बसवलं. डिसेंबरात ती बेथलेहेमचा गोठा होई आणि मार्च-एप्रिलमध्ये येशूची कबर. गिऱ्हाईक प्रत्येक वेळी विचारायचं, "म्हात्रे, नवीन आहे ना?" मी म्हणायचो, "खास तुमच्यासाठी." रंग खरोखरच त्यांच्यासाठी दिलेला असायचा, त्यामुळे अर्धं तरी खरं होतं.

नाताळ आता सगळ्यांचा झालाय. मीरा रोडला सिल्व्हर पार्कमधल्या एका सोसायटीत मी पाच-सहा वर्षं ख्रिसमसचं काम केलं. तिथल्या सांस्कृतिक समितीच्या प्रमुख नाडकर्णी मॅडम, मूळच्या गिरगावातल्या आणि अतिशय उत्साही. त्यांना बर्फ लागायचा. मी कापूस पसरून बर्फ करायचो आणि त्यावर सोसायटीतली मांजरं झोपायची. पहिल्या वर्षी मी आपलं दुसऱ्या एका छोट्या गुहेत गव्हाण, गव्हाणीत बाळ, शेजारी आईबाप असं रीतसर मांडलं. मॅडमनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "छान झालंय, पण हे बाळ जरा मागे घेता येईल का? सांताक्लॉजचा सेल्फी पॉइंट झाकला जातोय." मी बाळ मागे घेतलं. पुढच्या वर्षी ते आणखी मागे गेलं, आणि तिसऱ्या वर्षी टेम्पोतून उतरलंच नाही. ज्याचा वाढदिवस तो सोडून बाकी सगळ्यांचे फोटो निघाले.

एका एप्रिलमध्ये त्यांचाच फोन आला, की ईस्टरचंही काहीतरी करू या, मुलांना व्हरायटी मिळते. मी म्हटलं, कबर आहे माझ्याकडे, ती आणू का. त्या म्हणाल्या, "नको नको, ते निगेटिव्ह वाटतं. तुम्ही अंडी आणि ससे करा ना." मी अंडी आणि ससे केले. एका लहान मुलीनं मला विचारलं की ससा अंडी कशी घालतो, तेव्हा मी तिला समितीकडे पाठवलं. तर संपादकसाहेब, सिल्व्हर पार्कपुरतं विचाराल तर नाताळ आणि ईस्टर यांना जोडणारी गोष्ट म्हणजे नाडकर्णी मॅडम.

उत्तनच्या कोळीवाड्यातल्या एका चर्चचं काम माझ्याकडे वीसेक वर्षं होतं. तिथे कुणी बर्फ मागत नसे. तिथे ऑस्टिन अंकल होते आणि ते पुरेसे होते. ते सजावट समितीचे अध्यक्ष. समितीत आणखी माणसं होती असं ऐकलंय, मी पाहिली नाहीत. सरकारी कचेरीत तीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या चुका काढून ते निवृत्त झाले होते आणि ती सवय त्यांनी कचेरीत ठेवून यायला हवी होती, ती आणली घरी. त्यांना सगळं भव्य लागे. त्यांच्या हट्टापायी नाताळची गव्हाण चार फुटांची झाली. गावातल्याच एका सुतारानं मोडलेल्या होडीच्या फळ्यांची ती करून दिली, पाय नसलेली, लांबट उघड्या पेटीसारखी, दोन माणसांना घाम फोडेल इतकी जड. बाळ मात्र जुनंच राहिलं, दीड फुटाचं. एवढ्या पेंढ्यात ते शोधावं लागायचं.

नाताळला चर्चच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. नवे कपडे, सेंटचे वास, गोठ्यासमोर दर्शनाची रांग, आणि त्या रांगेला "चला, पुढे चला" करणारे ऑस्टिन अंकल. गुड फ्रायडेला गर्दी असायची पण ती वेगळी, काळ्या-पांढऱ्या कपड्यांतली, बायका जास्त, मोठ्यानं कुणी बोलायचं नाही. ईस्टरच्या सकाळी जे येत त्यांतल्या निम्म्यांचं लक्ष घरी शिजणाऱ्या मटणाकडे. मी शिडीवरचा माणूस, मला वरून सगळी टाळकी दिसत. त्यांतली बरीचशी फक्त डिसेंबरात उगवायची आणि पुढच्या डिसेंबरापर्यंत मावळलेली असायची. बारशाला हौसेनं आणि मयताला नाइलाजानं जायची रीत आमच्यातही आहे, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिथले फादर तरुण होते, बदली होऊन नुकतेच आलेले. त्यांच्या पहिल्याच वर्षी मी एका दुपारी कबरीला रंग देत होतो, तेव्हा ते चहाचे दोन कप घेऊन आले आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले. मी विचारलं, तुमच्यात मोठा सण कुठला. मला वाटलं नाताळ म्हणतील. ते म्हणाले ईस्टर. मी म्हटलं, मग कामं उलटी कशी येतात, नाताळला दोन टेम्पो आणि ईस्टरला अर्धा. ते हसले. म्हणाले, लोकांना बाळ आवडतं, कारण बाळ त्यांच्याकडून काही मागत नाही.

मग त्यांनी सांगितलं, की पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळाला बघायला आले तेव्हा त्यांनी तीन भेटी आणल्या, सोनं, ऊद आणि गंधरस. यातला गंधरस प्रेताला लावायचा. मी म्हटलं, "फादर, बारशाला मर्तिकाचं सामान कोण आणतं?" ते म्हणाले, "ज्याला पुढचं माहीत असतं तो." आणखी एक सांगितलं. जन्मल्या जन्मल्या त्याला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, आणि तेहतीस वर्षांनी त्यालाच तागाच्या कापडात गुंडाळून खडकातल्या कबरीत ठेवलं. गव्हाण दुसऱ्याची, कबरही दुसऱ्याची, त्याची स्वतःची जागा कुठेच नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की डिसेंबरात जे सुरू होतं ते ईस्टरच्या सकाळीच पुरं होतं. तो मरायला आला आणि मरणातून उठायला आला, म्हणून त्याच्या जन्माचा सण. नाहीतर गरिबाघरी बाळं रोज जन्मतात, त्यांच्यासाठी कोण कंदील लावतं. मी मान डोलावली. रंग वाळत चालला होता आणि मला ब्रश धुवायची घाई होती. कुणी आपल्याशी मोलाचं बोलत असतं तेव्हा मी आयुष्यभर ब्रशच धूत आलो, असं आता वाटतं.

याच चर्चमध्ये मोनिकाबाय यायची. पन्नाशी उलटलेली, सुकी मासळी विकणारी कोळीण, नवरा वारलेला, घरी एकटीच. चर्चमध्ये मृत येशूची एक लाकडी मूर्ती होती, साडेतीन फुटांची, हात खांद्यापाशी वळणारी. गुड फ्रायडेला ती क्रूसावरून उतरवतात, नव्या पांढऱ्या चादरीत गुंडाळतात, मिरवणूक काढतात आणि मग नेऊन कबरीत ठेवतात. गुंडाळायचं काम कोळीवाड्यातल्या बायकांचं, आणि त्यांत मुख्य हात मोनिकाबायचा. चादर तीच शिवायची, कबरीतला कातळ तीच पुसायची. तिची पद्धत ठरलेली होती. आधी पाय, मग डावीकडून कापड, मग उजवीकडून, आणि चेहऱ्यापाशी आलं की हात क्षणभर थांबायचा. मी इतक्या कबरी उभ्या केल्या पण एवढं हळुवार काम कुणाच्या हातून होताना पाहिलं नाही.

आणि हीच बाई ईस्टरला यायची नाही. नाताळला तर फाटकातसुद्धा नाही. डिसेंबरातल्या इतर रविवारी ती मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, सुरू झाल्यावर मागच्या दारानं यायची आणि माझ्या गोठ्याकडे पाठ करून उभी राहायची. आधी मला वाटलं माझं काम तिला आवडत नाही. शेवटी ऑस्टिन अंकलना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं, की लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगा झाला, तो नाताळच्या आदल्या दिवशी. नऊ दिवस जगला. सगळा कोळीवाडा नवे कपडे घालून बाळ येशू बघायला रांगेत उभा होता, तेव्हा ही दवाखान्यात आपल्या बाळाच्या उशाशी बसून होती. पुढे मूल झालं नाही. "चांगली बाई आहे, पण ती फक्त शुक्रवारची," अंकल म्हणाले. मग त्यांनी मला चांदणी डावीकडे कललीय म्हणून दाखवून दिलं.

आता माझी चूक. पाच-सहा वर्षांपूर्वी ऑस्टिन अंकलना साक्षात्कार झाला, की ईस्टरची कबर दरवर्षी ओळखीची वाटते. त्यांनी मला बजावलं, यंदा सगळं नवीन पाहिजे, गुहा नवीन आणि आतला कातळही नवीन. मी सवयीनं हो म्हटलं. मग लग्नांची कामं अंगावर आली, गुडघा सुजला, आणि बघता बघता गुड फ्रायडे दारात येऊन उभा राहिला. नाताळची गुहा चर्चच्या मागच्या खोलीतच पडून होती. मी ती फिरवून मागची बाजू पुढे केली आणि रंग बदलला. अंकलनी चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि म्हणाले, "हां, ही बघा, ही खरी वाटतेय." नाताळात ते तिच्याचसमोर रांग लावत होते.

राहिला मूर्ती ठेवायचा कातळ. दरवर्षीचा प्लायवूडचा होता, तो वाळवीनं खाल्ला होता. मूर्तीचं वजन पेलेल असं हाताशी दुसरं काही नव्हतं. होती ती होडीच्या फळ्यांची चार फुटी गव्हाण. गुरुवारी दुपारी हमालांना हाताशी घेऊन मी ती पालथी घातली, गुहेत सरकवली आणि वर मंडपाचं जुनं पांढरं कापड टाकलं. मूर्तीला अगदी मापात. फळ्यांना रंग द्यायचा कंटाळा केला. म्हटलं, कापड काढणार कोण?

काढणारी शुक्रवारी दुपारी बारा वाजता आली. विधी तीनला असतो, त्यामुळे चर्च रिकामं होतं आणि मी गुहेच्या आत बसून बोल्ट आवळत होतो. मोनिकाबाय दोन नव्या चादरी घेऊन आत आली. माझ्या कापडाकडे तिनं अशी नजर टाकली, की मलाच ते मळकं वाटायला लागलं. तिनं ते ओढून काढलं. खाली पालथ्या गव्हाणीचा तळ होता, होडीचा फिकट निळा रंग अजून धरून ठेवलेला, आणि त्यावर माझ्याच हातची ढोबळ काळी अक्षरं. गोदामात सामान ओळखू यावं आणि हमालांनी उलटसुलट ठेवू नये म्हणून आम्ही प्रत्येक तुकड्याच्या खालच्या अंगाला असं लिहून ठेवतो. मी लिहिलं होतं, "नाताळ. ही बाजू खाली."

मोनिकाबाय चौथी शिकलेली. तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं, मग पुन्हा वाचलं. माझा पाना हातातच राहिला. आता ही अंकलना हाक मारणार आणि माझं वीस वर्षांचं काम जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिच्यासमोर नाताळची गव्हाण आलीय, हे माझ्या डोक्यात नंतर आलं, त्याची मला अजून लाज वाटते.

"भास्करदादा, ही बालाची गव्हान हाय?" तिनं विचारलं.

"हो बाय. वेळ नव्हता म्हणून पालथी घातली."

"आनि देवाला आज हिच्यावरच ठेवाचा?"

"हिच्यावरच."

ती खाली बसली. फळ्यांच्या कडेवरून हात फिरवत राहिली. एका फटीत नाताळच्या पेंढ्याची काडी अडकली होती, ती तिनं ओढून काढली आणि बोटांत धरली. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, तेवढाच आवाज येत होता.

मग माझ्याकडे न बघता ती बोलली. "मना बावीस वरसां वाटला, नाताल त्यांचा आनि शुकरवार माजा. ज्यांची पोरां घरी हायत त्यांनी नातालला येवाचा, माज्यासारखीनं शुकरवारी. दोन येगले देव हायत, आसाच वाटाचा. ह्यो तर एकच हाय. एकाच लाकरावर."

फादरनी वर्षापूर्वी चहा पिता पिता सांगितलेलं मला तेव्हा कळलं, त्या पालथ्या पेटीशेजारी, आणि तेही तिच्या तोंडून. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी म्हटलं, उद्या येऊन या अक्षरांवर राखाडी रंग मारतो, म्हणजे रविवारी कुणाला दिसायची नाहीत.

"पुसू नको," ती म्हणाली. "रयवारी मी येतंय."

तिनं फळ्या पुसल्या, एक चादर अंथरली, चारी बाजूंनी नीट खोचली. तीन वाजता मूर्ती उतरवली आणि तिनं ती दुसऱ्या चादरीत गुंडाळली, आधी पाय, मग डावीकडून, मग उजवीकडून. चेहऱ्यापाशी हात थांबला तो थांबूनच राहिला, शेजारच्या बाईनं तिचं कोपर धरेपर्यंत.

शनिवारी सकाळी मी रंगाचा डबा घेऊन उत्तनला गेलो, खोटं कशाला सांगू. त्या चर्चमध्ये रविवारच्या सकाळपर्यंत कबरीवर पडदा असतो. मग मूर्ती हलवतात, चादरी घडी करून एका अंगाला ठेवतात, आणि पडदा सरकवून लोकांना रिकामी कबर दाखवतात. म्हणजे माझी अक्षरं अख्ख्या गावासमोर येणार. मूर्ती जरा सरकवून चादर उचलली, की काम होतं पाच मिनिटांचं. मोनिकाबाय येते म्हणाली होती खरी, पण बावीस वर्षं न आलेली बाई, आयत्या वेळी तिचा पाय निघाला नाही तर? मग माझं काम जाणार आणि तेही कुणाच्याच भल्यासाठी नाही. मी पडद्यामागे उभा राहून डब्याचं झाकण उघडलं, ब्रश बुडवला, निथळवला. मग ब्रश पुसून झाकण लावलं आणि घरी आलो. बायकोनं विचारलं, झालं काम? मी म्हटलं, झालं.

रविवारी पडदा सरकला. रिकामी गुहा, बाजूला चादरींची घडी, आणि मधोमध निळ्या फळ्यांवर, "नाताळ. ही बाजू खाली." पुढच्या रांगेतल्या मुलांनी ते खड्या आवाजात वाचलं, मुलांना शाळेत तेवढंच शिकवतात. मागच्यांनी माना उंचावल्या. मी खांबाआडून ऑस्टिन अंकलचा चेहरा पाहिला. तीस वर्षं चुका शोधल्या पण एवढी मोठी कधी लाभली नव्हती. जवळजवळ आनंदानंच ते माझ्याकडे आले.

"म्हात्रे, ये क्या है? ईस्टरमध्ये ख्रिसमस? नवीन बोलला होतात ना तुम्ही?"

मी म्हटलं, चुकलो. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघू, आणि झाकायला कापड आणायला निघाले. तोवर फादर वेदीवरून खाली आले होते. त्यांनी ती ओळ वाचली. मला वाटलं हसतील, पण हसले नाहीत. अंकलचा दंड धरून म्हणाले, राहू द्या. पुढे प्रवचनात ते काय बोलले ते मी ऐकलंच नाही, कारण माझं सगळं लक्ष मागच्या दाराकडे होतं. तिथे कुणी नव्हतं. प्रवचन संपत आलं तरी कुणी नव्हतं. मी मनातल्या मनात स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या.

ती पुढच्या दारानं आली. बाजारात नेसते तसलंच लुगडं, पण धुतलेलं. मधल्या वाटेनं सरळ कबरीपर्यंत गेली, माझी दोरी एका हातानं वर केली आणि खालून आत शिरली. वीस वर्षांत दर्शनाच्या वेळी ती दोरी कुणी ओलांडली नव्हती. तिनं दोन्ही तळवे त्या रिकाम्या फळ्यांवर ठेवले. शुक्रवारी इथे तिनं स्वतःच्या हातांनी त्याला ठेवलं होतं आणि आता तो तिथे नव्हता, हे ती जणू चाचपून बघत होती. मग वाकून तिनं अक्षरांना कपाळ टेकवलं. ती मागे फिरली आणि पहिल्या रांगेत बायकांनी सरकून जागा केली तिथे बसली, आणि गाणं सुरू झालं तेव्हा सगळ्यांबरोबर गायली. तिचा आवाज चांगला आहे हे गावालाही तेव्हाच कळलं असावं.

मिस्सा संपल्यावर अंगणात अंकलनी माझा विषय पुन्हा काढला. मोनिकाबायनं त्यांना एवढंच सांगितलं, की भास्करदादा गेला तर शुक्रवारसाठी बाईपण दुसरी बघा. बावीस वर्षांत तिनं समितीकडे कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे तिला नाही कसं म्हणायचं याचा अंकलना सराव नव्हता. माझं काम राहिलं. फादरनी मात्र नवा कातळ करायला मला कायमची मनाई केली. दर ईस्टरला तीच गव्हाण पालथी घालायची, आणि अक्षरांना हात लावायचा नाही.

त्या डिसेंबरात मी नेहमीसारखा गोठा उभा केला, गव्हाण सुलटी करून पेंढा भरला, बाळ ठेवलं. नाताळच्या सकाळी रांग लागली. अंकल "चला, पुढे चला" करत होते. त्या रांगेत मोनिकाबाय होती. तिची पाळी आली तेव्हा ती पुढे सरकेना. बाळाचं कापड ढिलं झालंय, म्हणाली. मी दोरी सोडली. तिनं बाळ उचलून मांडीवर घेतलं आणि कापड नीट करू लागली, आधी पाय, मग डावीकडून, मग उजवीकडून. चेहऱ्यापाशी हात थांबला. मागे अंगणापर्यंत रांग खोळंबली होती. अंकलनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी शिडीला धरून रडलो. एवढी वर्षं मी त्या गव्हाणीत फक्त बल्ब नीट लागलाय का ते बघत होतो.

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी मी उत्तनला जाऊन तिला विचारलं, तुझ्याबद्दल लिहू का. ती बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. लिव म्हणाली, पण माजा नाव टाकू नको, लोकां हसतील. मी बरं म्हटलं आणि निघालो. तर तिनं मागून हाक मारली.

"भास्करदादा, त्याचा नाव काय होता, कोनी कधी इचारला न्हाय मना. तू पन न्हाय."

मी विचारलं. तिनं सांगितलं. मग म्हणाली, "त्याचा लिव."

म्हणून या लेखातली नावं मी बदलली आहेत, तिचं, अंकलचं, मॅडमचं. एकच बदललेलं नाही. त्याचं नाव आंतोन.